फेरसादर करावा

२० जानेवारी, सोमवार

सोलापुरात गड्ड्याची जत्रा उठली की महापालिकेत आमच्या लेखा शाखेत जत्रा भरते. आजपासून सगळ्या विभागांचे प्रस्ताव यायला लागले. पाणीपुरवठा, मलनिस्सारण, पावसाळी गटारं, वाहनं. प्रत्येकाला वाटतं, शहर आपल्याच विभागावर चाललंय. मागणी शंभराची आणि हातात साठ असले, तर चाळीस कुठून कापायचे ते साहेबांना सुचवणं हे माझं काम. एकतीस वर्षं हेच केलं. डिसेंबरअखेर निवृत्ती, म्हणजे हे शेवटचं अंदाजपत्रक. त्याची आठवण राहावी म्हणून ही वही घेतली.

यंदा आलेल्या प्रस्तावांत एक माझ्या मुलीचा, सिद्धेश्वरीचा आहे. ती गटार विभागात कनिष्ठ अभियंता आहे, अकरा महिन्यांच्या करारावर. बिरुदेव ओढ्यावरची जुनी पाइपमोरी काढून तिथं रुंद मोरी बांधा, असं तिनं चौदा पानांत मांडलंय. बारा फुटी ओढ्याचं पाणी मोरीपाशी तीन-तीन फुटांच्या दोन पाइपांतून जातं, आणि त्यातला एक पाइप कधीचाच बुजलाय. मोरीच्या वरच्या अंगाला ओढावस्ती, साठेक घरं.

जेवताना मी म्हटलं, "अक्षर तुझं आणि मोजमापं कुणाची?"

"माझीच, अप्पा. टेप हणमंतमामांनी धरली." हणमंत म्हणजे त्यांच्या विभागाचा गटार सफाईवाला, त्याच वस्तीत राहतो. "तीन दिवस ओढ्यात होतो. त्यांच्या बायकोनं रोज भाकरी दिली."

तिची आई गुरम्मा म्हणाली, "पोरीनं एवढं केलंय तर पास करा की तुम्ही."

असं ऑफिसात चालत नसतं, म्हणून सांगितलं. पण अहवाल चांगला आहे. एकतीस वर्षांत इतका नीटस अहवाल दोन-तीनदाच पाहिला असेल.

३ फेब्रुवारी, सोमवार

ओढावस्तीच्या बायका निवेदन घेऊन आल्या होत्या. पुढं मीनाबाई, हणमंतची बायको. विड्या वळून बोटं पिवळी पडलेली, पण बोलणं ठाम. माझं नाव कळल्यावर हसली.

"तुमी ताईंचे वडील व्हय? मग तर आपलंच काम."

आजूबाजूच्या टेबलांवरच्या माना वर झाल्या. मी जरा कोरडेपणानंच म्हटलं, "बाई, इथं आपलं-परकं काही नसतं. नियमात बसलं तर होईल."

"नेम काय आसंल त्यो आसू द्या, साहेब. एकदा येऊन बगा की. पाणी दारात आलं की आमी भांडी माळ्यावर टाकतो, पोरं टाकतो. मानसं कुटं टाकायची?"

येतो म्हणालो. आवक खिडकीवर निवेदनाची पोच करून घ्यायला सांगितली. ती शिक्का मारलेली प्रत तिनं घडी घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली. चांगली बाई. थोडी सलगी जास्त.

११ फेब्रुवारी, मंगळवार

साहेबांनी बोलावलं. वाहनांसाठी आणखी तरतूद हवी. गटारं उपसायच्या दोन नव्या सक्शन गाड्या आणि अधिकाऱ्यांच्या पाहणीसाठी तीन जीप. म्हणाले, "म्हमाणे, मोरी बांधायला दोन पावसाळे जातात आणि बांधली तरी ती जमिनीखाली. गाडी रस्त्यावर दिसते. गटारांच्या लेखाशीर्षातून एखादं मोठं काम काढा."

काढण्याजोगी कामं तीन. एक बिरुदेव ओढ्याची मोरी. दुसरं बाजारातल्या चेंबरांची दुरुस्ती. तिसरं जुळे सोलापुरातली आमच्या भागातली ड्रेनेज लाइन. ती तीन वर्षं रखडली आहे, ती आता काढणं बरं दिसणार नाही. बाजाराला हात लावला तर व्यापारी दुसऱ्या दिवशी दारात.

कँटीनमध्ये चहा घेताना मागच्या टेबलावर कुणीतरी म्हणालं, "यंदा बाप-लेकीचं अंदाजपत्रक आहे म्हणे." सगळे हसले. आमच्या शाखेचा नवनाथही हसला. मग मी दिसल्यावर बशीत बघायला लागला.

चहा तसाच ठेवून वर आलो. एकतीस वर्षांत कुणाच्या चहाचा मिंधा नाही झालो मी.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

मोरीचा प्रस्ताव वगळला.

नुसता वगळता येत नाही, शेऱ्याच्या रकान्यात कारण लागतं. 'निधीअभावी' लिहिलं असतं तर गाड्यांना कुठून आला, हा प्रश्न आला असता. म्हणून लिहिलं : 'मोजमापात तफावत. तांत्रिकदृष्ट्या अपूर्ण. फेरसादर करावा.' नेहमीचा शेरा आहे. त्यानं कुणाचं नुकसान होत नाही, पुढच्या वर्षी तोच कागद तारीख बदलून येतो.

मोजमापात तफावत नव्हती. पण आता कुणी म्हणू शकणार नाही की म्हमाण्यांनी लेकीचं काम पुढं रेटलं. आज बरेच दिवसांनी डोकं हलकं वाटतंय.

२ मार्च, रविवार

सिद्धेश्वरीला कळलं. शेऱ्याची छायांकित प्रत घेऊन स्वयंपाकघरात आली. मी भाजी निवडत होतो.

"तफावत कुठं आहे, अप्पा? पान सांगा. मी दुरुस्त करते."

मी म्हटलं, "अगं, ती लिहायची पद्धत असते."

"माझं चुकलंय की नाही, एवढंच सांगा."

"नाही चुकलं. पण लोक काय बोलत होते ते तू ऐकलं नाहीस. तुझ्याच भल्यासाठी केलं. उद्या कायम व्हायची वेळ आली, तर कुणाला बोट दाखवता येणार नाही."

तिनं प्रत ओट्यावर ठेवली. मग म्हणाली, "मीनाबाईंना मी शब्द दिला होता."

"शब्द द्यायचा अधिकार तुला कुणी दिला? कंत्राटी आहेस तू."

हे बोलायला नको होतं. गुरम्मानं गॅस बंद केला आणि कन्नडमध्ये मला एवढंच म्हणाली, "बिडरी." पुरे करा. दोघींनी जेवताना माझ्याशी बोलणं टाळलं. तरुण रक्त आहे. आपला कागद नापास झाला की अपमान वाटतो, मलाही पहिल्या वर्षी वाटला होता.

१८ मे, रविवार

आमच्या गल्लीतली ड्रेनेज लाइन पूर्ण झाली. स्वच्छ काम. चेंबरची झाकणं रस्त्याला समतल बसवलीत, स्कूटर आता उसळत नाही. सोसायटीच्या लोकांनी पेढे वाटले, माझा हात हातात घेतला. मी म्हटलं, अहो, माझा काय संबंध? पण बरं वाटलं.

सिद्धेश्वरीनं पेढा घेतला नाही. उपास असेल.

९ जुलै, बुधवार

दोन्ही सक्शन गाड्या आल्या. नारळ फुटले, फोटो झाले. हणमंत नव्या गाडीवर मदतनीस. पाइप खांद्यावर घेऊन उभा होता. मी विचारलं, "काय हणमंत, गाडी कशी?"

"झ्याक हाय, साहेब. आता मानसाला खाली उतराया नगं." मग हळूच म्हणाला, "ओढ्याचं फुडच्या सालाला व्हईल का?"

"तुमच्या ताईंनी पुन्हा पाठवलं तर होईल की."

"त्यांनी दोनदा पाठिवलंय म्हंत्यात."

हे मला माहीत नव्हतं. विभागातच अडकलं असेल. बघायला हवं.

२८ सप्टेंबर, रविवार, दुपार

आठवडाभर पाऊस आहेच, पण आज पहाटेपासून नुसता ओततोय. आमच्या पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी, गाड्यांची सीट बुडायला आली. सोसायटीच्या लोकांनी माझ्याकडे धाव घेतली. मी डेपोत फोन केला. ओळख कशासाठी असते? अर्ध्या तासात नवी सक्शन गाडी हजर. सगळ्यांना नवल वाटलं.

गाडीवर हणमंत होता. त्याचं लक्ष नव्हतं, सारखा फोन बघत होता. पाइप लावून झाल्यावर माझ्याजवळ आला.

"साहेब, वस्तीत पाणी शिरलंय म्हंत्यात. मीनी फोन करती हाय सारखी. गाडी तिकडं न्हेऊ का?"

मी म्हटलं, "अरे, एवढं आलाच आहात तर दहा मिनिटांत आटपा की. पाइप तर लावून झालाय." गुरम्मानं चहा पाठवला, तो त्यानं घेतला नाही. नम्र माणूस आहे, ड्युटीवर असताना काही घेत नाही.

पाऊण तास लागला, पण पार्किंग कोरडं झालं. सिद्धेश्वरी सकाळी सहालाच रेनकोट घालून बाहेर पडली आहे. सुट्टीच्या दिवशी कंत्राटी माणसानं जायची काय गरज होती? फोन उचलत नाही.

संध्याकाळ

मीनाबाई गेली.

२९ सप्टेंबर, सोमवार

सिद्धेश्वरीनं सांगितलं तसं लिहितो.

मोरी साडेदहालाच तुंबली. पाणी मागं फिरून वस्तीत चढलं. सिद्धेश्वरी आणि वस्तीतले चारजण लोकांना बाहेर काढत होते. मीनाबाई स्वतः बाहेर आली होती. शेजारच्या दोन पोरींना कडेवर आणून रस्त्यावर ठेवलं होतं. मग म्हणाली, कागदांची पिशवी राहिली, आणि परत आत गेली. रेशनकार्ड, दाखले, सगळे कागद त्या पिशवीत. मागची मातीची भिंत पाण्यानं फुगली होती, ती आत कोसळली.

सिद्धेश्वरी म्हणाली, "मी त्यांचा हात धरला होता, अप्पा. त्या म्हणाल्या, ताई, सोडा, आत्ता आले."

हणमंत पोचला तेव्हा भिंत पडून वीस मिनिटं झाली होती. पुलाकडचा रस्ता बुडालेला, गाडी पलीकडंच थांबली. तो पोहत आला.

वीस मिनिटं. आमच्या पार्किंगमध्ये पाऊण तास. मी एकतीस वर्षं आकडे जुळवतोय. हा हिशेब आपोआप झाला, मी करायला बसलो नव्हतो.

हे सिद्धेश्वरीला सांगितलं नाही. गुरम्माला माहीत आहे. सकाळपासून ती माझ्याकडे न बघता वाढते.

९ ऑक्टोबर, गुरुवार

चौकशी समिती नेमली. धोक्याची माहिती असताना मोरीचं काम का घेतलं नाही, हा मुद्दा. साहेबांनी मला आत बोलावून दार लावलं. खूश होते, निदान सुटल्यासारखे तरी.

"म्हमाणे, तुमचा शेरा वाचला. मोजमापात तफावत, फेरसादर करावा. किती बरं झालं लिहून ठेवलंत! म्हणजे प्रस्तावच सदोष होता. आपल्या शाखेचा प्रश्नच मिटला."

मी म्हटलं, "साहेब, तो प्रस्ताव माझ्या मुलीचा आहे."

"ठाऊक आहे. कंत्राटी आहे, तिला काय होणार? कायम नोकरी थोडीच जाणार आहे? आणि तुमचे अडीच महिने राहिलेत. शांतपणे बाहेर पडा."

हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. बाहेर आल्यावर नवनाथनं पाण्याचा ग्लास दिला, तो तसाच टेबलावर ठेवून फाइली लावत बसलो.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

सिद्धेश्वरीला समितीपुढं बोलावलं. दीड तास. तफावत कुठं होती ते सांगा, असं तिलाच विचारत होते. ती म्हणाली, तफावत नव्हती. त्यांनी विचारलं, मग लेखा शाखेनं खोटं लिहिलं असं तुमचं म्हणणं आहे का? शेऱ्याखाली सही कुणाची आहे, माहीत आहे ना?

तिनं उत्तर दिलं, "शेरा लिहिणाऱ्यांना विचारा."

घरी येऊन तिनं एवढंच सांगितलं आणि आपल्या खोलीत गेली. ती चौदा पानं मी पुन्हा वाचली. अकराव्या पानावर तिनं लिहिलंय : 'मोरी तुंबल्यास वरच्या बाजूच्या मातीच्या घरांच्या मागील भिंती प्रथम कोसळण्याची शक्यता.' जानेवारीत मी हे पान वाचलं होतं. अहवाल नीटस आहे, एवढंच लिहिलं होतं.

समितीनं मला अजून बोलावलेलं नाही. बोलावलं तर सांगेन.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

बोलावलं नाही. आपणहून जायचं म्हणून दोनदा जिन्यापर्यंत गेलो. एकदा साहेब समोरून आले. दुसऱ्यांदा कुणीच आलं नव्हतं.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

सिद्धेश्वरीच्या कराराला मुदतवाढ नाही. पत्रात कारण दिलंय : 'सदोष तांत्रिक अहवाल.' माझा शेरा, फक्त छापील अक्षरांत. पुढं कुठंही अर्ज केला तरी हे पत्र दाखवावं लागणार.

गुरम्मा दारात उभी राहून म्हणाली, "एक विचारू? आपल्या गल्लीची लाइन काढली असती, तर तिची मोरी राहिली असती का?"

मी म्हटलं, ते एवढं सोपं नसतं. रखडलेलं काम होतं, त्यामागं तीन वर्षांचा पत्रव्यवहार होता.

"हौदा?" म्हणाली. असं होय? आणि आत गेली. तिला अंदाजपत्रकातलं काय कळतं? तरी झोप लागली नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार

आज समितीकडे माझं लेखी निवेदन दिलं. आयुष्यात हजारो टिपण्या लिहिल्या, ही तीन ओळींची लिहायला दोन दिवस लागले. 'सदर प्रस्तावाच्या मोजमापात कोणतीही तफावत नव्हती. तो तांत्रिकदृष्ट्या परिपूर्ण होता. वगळण्यासाठीचा शेरा मी जाणीवपूर्वक चुकीचा लिहिला.' खाली सही, दिनांक.

साहेबांना कळल्यावर त्यांनी आत बोलावलं. मग म्हणाले, "लेकीसाठी केलंत. बाप आहात शेवटी."

फेब्रुवारीत ज्याची भीती वाटली होती, तेच वाक्य. ऐकलं आणि काहीही झालं नाही. एवढंसं वाक्य होतं ते.

निलंबनाचा आदेश संध्याकाळी आला. नवनाथ माझी डब्याची पिशवी घेऊन फाटकापर्यंत आला. म्हणाला, "साहेब, त्या दिवशी कँटीनमध्ये मी हसायला नको होतं." त्याच्या हसण्याचा यात काही वाटा नाही, असं सांगितलं. पण त्यानं लक्षात ठेवलंय.

९ नोव्हेंबर, रविवार

ओढावस्तीत गेलो. येतो म्हणून फेब्रुवारीत सांगितलं होतं. मोरी प्रत्यक्षात आज पहिल्यांदा पाहिली. कागदावर वाटते त्याहून लहान आहे. वाकून बघितलं, पलीकडचा उजेड एकाच पाइपातून दिसतो.

हणमंत घराच्या चौथऱ्यावर विटा रचत होता. मागची बाजू ताडपत्रीनं झाकलेली. आत भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली मीनाबाईचा. त्यानं पाण्याचा तांब्या आणून दिला. मी सगळं सांगितलं, शेऱ्यापासून. शेवटी म्हटलं, "त्या दिवशी गाडी मीच बोलावली होती. तुला मीच थांबवून ठेवलं."

"ठावं हाय की, साहेब. मी तितंच हुतो."

त्यानं वीट हातात फिरवली. आवाज चढवला नाही.

"पायपाला हात घातला का मीनीचा फोन. उचलायचो, ती म्हनायची, या की वो. मी म्हनायचो, साहेबांचं हुतंय, आलोच. तीन डाव म्हनलो, आलोच." मग वीट चौथऱ्यावर ठेवून, "तुमच्या बाईंनी चा पाठिवलता. मी पिलो न्हाय. तेवडंच एक बरं केलं त्या दिशी."

मला वाटत होतं, तो शिव्या देईल आणि मी त्या ऐकून घरी जाईन.

निघताना म्हणाला, "ताई दर ऐतवारी येत्यात. तुमी आलता म्हून सांगू का नगं?"

"तुला वाटेल तसं."

"मग न्हाय सांगत," म्हणाला आणि पुन्हा विटांकडे वळला.

२३ नोव्हेंबर, रविवार

सिद्धेश्वरी आज लातूरला गेली. तिथं एका खाजगी कंपनीत पाण्याच्या टाक्यांच्या कामावर नोकरी मिळाली. पगार कमी आहे. माझ्या निवेदनानंतर समितीनं तिच्याबद्दलचा ठपका काढला, पण करार परत दिला नाही. जागा भरली होती.

मी बसस्थानकापर्यंत येतो म्हटलं. ती नको म्हणाली नाही. फलाटावर बस लागलेली, दहा मिनिटं होती. तिची बॅग मी वर ठेवायला गेलो तर तिनं स्वतःच ठेवली आणि खाली उतरून माझ्यासमोर उभी राहिली.

"अप्पा, एक विचारायचंय. महिनाभर विचारीन म्हणत होते." तिचा आवाज साधा होता, ऑफिसात एखादं मोजमाप विचारावं तसा. "प्रस्ताव माझा नसता, दुसऱ्या कुठल्या इंजिनिअरचा असता, तर तुम्ही ठेवला असता?"

मी तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांखाली काळं झालंय. गुरम्मा म्हणते, रात्री दचकून उठते, हात झटकते. तेव्हा कळलं की महिनाभर तिच्या मनात मी नव्हतोच. हा प्रश्न ती स्वतःबद्दल विचारत होती. आपण त्या ओढ्यात उतरलोच नसतो, खाली आपलं नाव नसतं, तर त्या बाईला मोरी मिळाली असती का?

"नाही," मी म्हटलं. "तरीही काढला असता. साहेबांना गाड्या हव्या होत्या आणि मला कटकट नको होती. तुझ्या नावाचा काही संबंध नव्हता."

"म्हणजे लोक काय म्हणतील वगैरे..."

"ते तुला सांगायला बरं म्हणून सांगितलं. कुणाचाही असता तरी काढला असता."

मग तिचा चेहरा सैल झाला, आणि त्याच वेळी माझ्यापासून लांबही गेला. "बरं," म्हणाली. वाकून पाया पडली नाही. बसमध्ये चढली, खिडकीजवळ बसली, आणि बस हलली तेव्हा समोर बघत होती.

घरी येताना चालत आलो.

निवेदनात खरं लिहिलं. हणमंतला खरं सांगितलं. लेकीला आज खोटं सांगितलं, आणि ते मी दुरुस्त करणार नाही. खरं उत्तर इथं लिहून ठेवतो, ही वही कुणी वाचत नाही.

दुसऱ्या कुणाचा असता, तर ठेवला असता.